शेठ गेले, नळ आले: कर्वे रस्त्यामागचा जुना बार नव्या हातात

पुण्यात कर्वे रस्त्याच्या मागच्या गल्लीतला हा बार कोणता, हे त्या भागात बसणाऱ्यांना सांगावं लागणार नाही. बाकीच्यांना नाव कळून फायदा नाही, कारण नाव तेवढंच जुनं राहिलं आहे. एप्रिलपासून मालक नवे आहेत. बारचा परवाना १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षाने चालतो, म्हणून असे खांदेपालट बहुधा याच सुमारास होतात. शेठ मार्चअखेर हिशेब मिटवतात, मे महिन्यात आतून ठोकाठोकी ऐकू येते आणि पावसाच्या तोंडावर दारावर पिवळ्या दिव्यांची माळ लागते. इथेही तसंच झालं.

रेक्झिनची बाकडी, सनमायकाची टेबलं आणि डांबरगोळ्यांचा वास गेला. गल्ल्यावरची ‘मोठ्याने बोलल्यास बिलात फरक पडत नाही’ ही पाटी मात्र जपली आहे. ती आता काचेच्या चौकटीत, वरच्या मजल्यावर, नेमकी स्पीकरच्या शेजारी लावली आहे. तिथे मोठ्याने बोलल्याशिवाय समोरच्याला काही ऐकू येत नाही.

‘जुनं ते सोनं’ असं इथे मुळीच नव्हतं. संडास भयंकर होता, बायकांसाठी वेगळी सोय नव्हती, आणि स्वयंपाकघराचा धूर फॅमिली सेक्शनमध्ये यायचा. हे तिन्ही आता दुरुस्त झालं आहे, आणि नीट झालं आहे. नव्या लोकांचं गणित साधं दिसतं: एकदा पैसे टाकून जे सुधारतं ते सगळं त्यांनी सुधारलं. रोज कुणीतरी हाताने करावं लागतं ते मात्र सैल पडलंय. पुढचं सगळं त्या दोन खात्यांत मांडता येईल.

सुरुवात नळांपासून. काउंटरवर बिअरचे चार नळ आहेत: दोन लागर (नेहमीची फिकट बिअर), एक गव्हाची आणि एक काळी. देशातल्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रुअऱ्यांपैकी (जागेवरच बिअर बनवणाऱ्या बारपैकी) एक, डुलाली, २००९ साली पुण्यातच सुरू झाली. त्यामुळे ड्राफ्ट, म्हणजे नळाने येणारी, बिअर ही पुणेकरांना नवलाई नाही, पण तिच्यासाठी मुंढवा नाहीतर बाणेर गाठावं लागायचं. गल्लीतल्या बारमध्ये आली हे चांगलंच झालं. मांडणीही अडाण्याने केलेली नाही. केग (बिअरची पिंपं) काउंटरमागच्या थंड कपाटात ३ ते ४ अंशांवर असतात, नळ्या पाचेक मीटरच्या आहेत आणि प्रत्येक केगला गॅसचा वेगळा रेग्युलेटर आहे. म्हणजे गव्हाच्या बिअरला जास्त आणि काळीला कमी दाब देता येतो. पुष्कळ ठिकाणी एकाच रेग्युलेटरवर चारही नळ चालवतात आणि मग दोन नळ फेस ओकतात. इथे ते होत नाही.

बिघडतं ते पुढे. सात मिलिमीटर पोकळीच्या पाच मीटर नळीत सुमारे १९० मिली बिअर उभी असते. दुपारी नळ बंद राहिला की नळीचा कपाटाबाहेरचा भाग गरम होतो. ती बिअर आधी ओतून टाकायची आणि नंतरच मग भरायचा, ही रीत. इथे ती ओतली जात नाही, पहिल्या गिऱ्हाइकाला दिली जाते. दुपारी चारला उघडल्या उघडल्या मागवलेला मग निम्मा फेसाचा आणि कोमट का लागतो, त्याचं उत्तर हे आहे. अर्ध्या तासानंतर मागवा, तोच नळ व्यवस्थित वागतो.

दुसरी गोष्ट नळ्या धुण्याची. क्षाराच्या द्रावणाने दर दोन आठवड्यांनी नळ्या धुवाव्या लागतात आणि साधारण तीन महिन्यांनी आम्लाने, कारण आत बिअर स्टोन म्हणून ओळखला जाणारा कॅल्शियमचा थर धरतो. नळाचं तोंडही खोलून घासावं लागतं. बिअरला लोण्यासारखा किंवा पॉपकॉर्नसारखा वास आला तर नळी धुवायची राहिली आहे असं समजावं. व्हिनेगरची झाक आली तर फारच दिवस राहिली आहे. लागरच्या दोन्ही नळांना हा वास नाही. काळ्या बिअरच्या नळाला आहे. कारण उघड आहे, ती खपत नाही.

खपाचा आणि वाराचा संबंध इथे कुणी लक्षात घेतलेला दिसत नाही. ३० लिटरच्या केगमध्ये अर्ध्या लिटरचे साठ मग बसतात; फेसात गेलेले धरून पन्नास-पंचावन्न. लावलेला केग दोन-तीन दिवसांत संपला तर चव जागेवर राहते. या भागात मंगळवार, गुरुवार आणि शनिवार पाळणारे बरेच आहेत, वर संकष्टी आणि एकादशी. शुक्रवारी आणि रविवारी लागरचा केग एका संध्याकाळी रिकामा होतो, तर गुरुवारी तोच रेंगाळतो. श्रावणात तर महिनाभर ही रड. चार नळांचा हिशेब मुंढव्याच्या गर्दीवर बेतलेला आहे. कर्वे रस्त्यामागे दोन पुरले असते. तोवर साधा नियम: शुक्रवार, रविवार, बुधवार ड्राफ्ट, बाकी दिवशी बाटली. बाटल्या जुन्याच बर्फाच्या पेटीतून येतात आणि त्या अजूनही दात शिवशिवतील इतक्या गार असतात.

मगांबद्दल तक्रार आहे. ते फ्रीजरमधून पांढरे पडलेले काढतात. फोटोला छान दिसतं, पण काचेवरचं हिम बिअरमध्ये वितळतं आणि फेस भडकतो. थंड पाण्याने विसळलेला मग पुरतो, तसा मागितला तर देतात. बिअर ओतल्यावर आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसले तर काचेला तेलाचा अंश आहे असं समजा. चिकन लॉलिपॉपच्या बशा आणि मग एकाच घासणीने धुतल्याचा तो पुरावा. शंका असेल तर ओल्या मगात चिमूटभर मीठ फिरवा. स्वच्छ काचेला ते सगळीकडे सारखं चिकटतं, तेलकट जागी धरत नाही. आणि एक सूचना: मगावर ५०० मिलीची रेघ नाही. ५०० मिलीचा कॅन मागवून त्यात ओतून पाहिलात तर तो काठोकाठ भरतो, म्हणजे दोन बोटं फेस धरून बिअर ४३०-४४० मिलीच्या पुढे जात नाही. मेनूत ५०० लिहिलं आहे.

पेगकडे वळू. जुन्या बारची सगळी पत मापावर होती. क्वार्टर मागितली की १८० मिलीची सीलबंद बाटली टेबलावर यायची आणि तुमच्या समोर फुटायची. तीत सहा स्मॉल, म्हणजे तीन लार्ज. संशयाला जागाच नाही. नव्या मेनूत क्वार्टर नाही. सगळे भाव ३० मिलीचे छापले आहेत, पण नुसतं ‘एक व्हिस्की’ म्हटलं की ६० येते आणि बिलात दोन स्मॉल लागतात. म्हणून ऑर्डर देतानाच स्मॉल की लार्ज ते बोला. खालच्या मजल्यावर अजून पितळी मापाने भरतात, त्यावर वजनमापे खात्याचा शिक्का आहे. वर बाटलीला चोच लावून हाताच्या अंदाजाने ओततात. ३० मिलीच्या ओतण्यात ४ मिलीची कसर म्हणजे ७५० मिलीच्या खंब्यात पंचवीसऐवजी जवळपास एकोणतीस पेग. मुद्दाम करतात असं म्हणायचं नाही. अंदाज कधी गिऱ्हाइकाच्या बाजूनेही चुकतो. पण माप मागितल्यावर कपाळाला आठ्या पडायचं कारण नाही, आणि त्या पडतात.

भाव वाढले म्हणून नव्या मालकांना शिव्या घालणाऱ्यांनी थोडं थांबावं. नोव्हेंबर २०२३ पासून परमिट रूममधल्या दारूवरचा व्हॅट ५ चा १० टक्के झाला. जून २०२५ मध्ये राज्याने स्वस्त-मध्यम भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मितीमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपटीवर नेलं आणि परवान्याचं शुल्कही वाढवलं. शेठ राहिले असते तरी पेग महागलाच असता. पण मसाला पापडाची दुप्पट किंमत सरकारने केलेली नाही.

त्या पापडापासूनच स्वयंपाकघराची अवस्था कळते. मसाला पापड हा दोन मिनिटांचा पदार्थ आहे: पापड भाजायचा, कांदा-टोमॅटो तेव्हाच चिरायचा, तिखट-मीठ-लिंबू वरून आणि पळत टेबलावर. इथे कांदा-टोमॅटो दुपारीच चिरून, मीठ लावून डब्यात ठेवतात. मिठाने पाणी सुटतं आणि तेच पाणी पापडावर जातं. टेबलावर येईपर्यंत मधला भाग ओला फडका झालेला असतो. उपाय: पापड कोरडा आणि कांदा वेगळ्या वाटीत मागवा.

जुन्या मेनूत पन्नासेक पदार्थ होते, नव्यात दीडशेच्या वर आहेत. दीडशे पदार्थ रोज कुणी शिजवत नाही. कांदा-टोमॅटोची एक केशरी ग्रेव्ही, एक काजूची पांढरी आणि एक हिरवी अशी तीन पातेली सकाळी होतात आणि संध्याकाळभर त्यांचीच नावं बदलत राहतात. कोल्हापुरी, कढाई, पतियाळा, सगळ्यांच्या तळाशी तीच केशरी. चिकन सुक्क्यात हे सर्वांत जास्त खटकतं. आधी ते भाजलेल्या सुक्या खोबऱ्याच्या आणि काळ्या मसाल्याच्या वाटणात परतून कोरडं व्हायचं आणि वीस मिनिटं लागायची. आता दहा मिनिटांत येतं, ओलसर, वर कोथिंबीर. घाई नसेल तर वेटरला ‘ग्रेव्ही न घालता, वाटणातलं’ असं स्पष्ट सांगा. आचारी जुनाच आहे, वाटणही रोज होतं. ते फक्त मालवणी थाळीपुरतं राखून ठेवलेलं असतं.

मासे हा जुन्या बारचा मान होता. गणेश पेठेच्या बाजारातून सकाळी माल यायचा आणि संपला की फळ्यावरून नाव पुसलं जायचं. फळा गेला, छापील मेनू आला, त्यामुळे सुरमई आणि पापलेट बारा महिने ‘ताजं’. पण १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत मिळणारी सुरमईची तुकडी बहुतेक बर्फातलीच. बर्फातली असण्यात गैर काही नाही, गैर आहे ती सोडवण्यातली घाई. रात्रभर खालच्या कप्प्यात ठेवून सोडवलेल्या तुकडीतून कमी पाणी जातं. नळाखाली धरून सोडवलेली तुकडी तव्यावर पाणी टाकते, रव्याचं कवच सुटतं आणि मासा तळण्याऐवजी उकडतो. ताटात रवा एकीकडे आणि मासा दुसरीकडे दिसला तर हेच झालेलं असतं.

बोंबील तर आणखी नाजूक. ओल्या बोंबलात मुळातच पाणी फार. मधोमध चिरून, काटा काढून, मीठ-हळद लावून तो वजनाखाली अर्धा-पाऊण तास दाबावा लागतो. मग मसाला, वरून रवा आणि तांदळाचं पीठ, आणि तव्यावर थोड्या तेलात, एकदाच उलटून. या स्वयंपाकघरात दाबायचं काम वगळलं आहे, कारण ओट्यावर तेवढी जागा मायक्रोवेव्हने खाल्ली. मग बोंबील तव्यावर टिकत नाही, म्हणून तो कढईत सोडतात. बाहेरून कुरकुरीत, आत चिखल. बोंबलासाठी आता इथे यायचं कारण उरलेलं नाही.

तळणाच्या तेलावर लक्ष ठेवा. तेलातले पोलर घटक (पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणारे खराब घटक) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते वापरायचं नाही, असा अन्नसुरक्षेचा नियम जुलै २०१८ पासून आहे. टेबलावर बसून ते मोजता येत नाही, पण खूण सोपी आहे: फिंगर चिप्सना आधीच्या तळणाचा वास येतो आणि रंग तपकिरी असूनही त्या आतून नरम असतात. रविवारी रात्री नऊनंतर इथे तसं होतं. इतर दिवशी तेल बरं असतं.

चांगलं काय, तेही सांगायला हवं. शेंगदाणा मसाला उत्तम, दाणे इथेच भाजलेले, पाकिटातले नाहीत. अंडा बुर्जी जुन्याच हाताची. भट्टीचा कोळसा काढून गॅसचा तंदूर आणला तरी कोंबडी सुकी पडत नाही. धुराची चव गेली एवढंच. सोलकढी पूर्वी पावडरची असायची, आता कोकमाच्या आगळाची आणि नारळाच्या दुधाची आहे.

कॉकटेलच्या पानावर वेळ घालवू नका. लिंबाचा रस दुपारी काढून ठेवलेला असतो, रात्रीपर्यंत तो कडवट होतो आणि बर्फाचे तुकडे पोकळ असल्याने पाच मिनिटांत पाणी.

बसायची जागा निवडताना वयाचा विचार करा. वरच्या मजल्यावर उंच टेबलं आणि उंच स्टुलं आहेत: टेबल साधारण १०५ सेंटिमीटर, स्टूल ७५. मापं बरोबर आहेत, पण अर्ध्या स्टुलांना पाय टेकायला दांडी नाही. तासाभरात मांड्या बधिर होतात. गुडघेदुखी असलेल्यांनी खालीच बसावं. एकट्याने येणाऱ्यांसाठी जुन्या बारमध्ये भिंतीलगत चार लहान टेबलं होती. एक पेग, एक पेपर, कुणी हटकायचं नाही. त्यांतली दोन उरली आहेत, गल्ल्याच्या डावीकडे. वरच्या मजल्यावर दोघांपेक्षा कमी असतील तर टेबल देत नाहीत. मागच्या अंगणातला गार्डन सेक्शन मात्र छान झाला आहे. तिथलं संगीत रात्री दहाला बंद होतं, ते मालकांच्या चांगुलपणाने नव्हे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर स्पीकर चालत नाही, आणि मागची सोसायटी जागरूक आहे.

दारावर वय विचारतात: बिअर-वाईनला २१, बाकी दारूला २५. २०२४ च्या मे महिन्यातल्या कल्याणीनगरच्या, अल्पवयीन चालकाच्या अपघातानंतर शहरभर तपासणी कडक झाली, इथेही ओळखपत्र खरंच पाहतात. पिण्याचा परवाना नसेल तर एका दिवसाचा पाच रुपयांत मिळतो.

बिल नीट वाचा. समजा दारू १,२०० रुपयांची आणि खाणं, सोडा, पाणी मिळून ८००. दारूवर १० टक्के व्हॅट म्हणजे १२०, बाकीवर ५ टक्के जीएसटी म्हणजे ४०. एकूण २,१६०. नवं बिल येतं २,३७० चं. मधले २०० म्हणजे १० टक्के सेवा शुल्क आणि १० त्या शुल्कावरचा जीएसटी. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच हे शुल्क आपोआप लावायला मनाई केली, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती मार्गदर्शक तत्त्वं उचलून धरली. काढा म्हटलं की इथे वाद न घालता काढतात. पण म्हणावं लागतं. दुसरी खोच सोड्याची. तो जीएसटीत यायला हवा, यांच्या मशीनमध्ये दारूच्या गटात टाकलेला आहे. दीडशेच्या सोड्यावर साडेसातऐवजी पंधरा रुपये जातात. साडेसात रुपयांसाठी बोलायचं का? पुण्यात, हो. पाणी मागितल्यावर बाटली उघडूनच आणतात; साधं पाणी हवं तर बसल्या बसल्या सांगा.

जुन्या वेटरांपैकी दोघं राहिले आहेत, दोघंही खालच्या मजल्यावर, सोमवार सोडून. ‘रिपीट?’ हे ग्लास तळाला गेल्यावर विचारायचं, अर्धा असताना नाही, हे त्यांना कळतं. वरची मुलं मनमिळाऊ आहेत, पण त्यांना दर दहा मिनिटांनी काहीतरी विकायला सांगितलेलं दिसतं.

गाडी आणू नका. गल्लीत सम-विषम पार्किंग आहे आणि नळ स्टॉपचं मेट्रो स्थानक चालत जाण्याच्या अंतरावर. रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. दोन लार्जमध्ये पुष्कळांची ती रेघ ओलांडली जाते.

एकूण पाचपैकी तीन. शुक्रवारी साडेचार ते सात, खालचा मजला, लागर, शेंगदाणा मसाला, बुर्जी, सोलकढी: एवढ्यापुरते चार. गटारीच्या आठवड्यात टेबल फोनवर धरलं तर आगाऊ रक्कम घेतात. ती शेवटच्या बिलातून वजा झाली आहे का, ते सेवा शुल्काच्या ओळीआधी बघा.